रात्रपाळीची झोप हीसुद्धा ड्यूटीच
(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि वीस वर्षे रुळांच्या देखभालीचे काम करतो आहे. 'ताणतणाव' या विषयावर समितीने माझे नाव सुचवले ते बहुधा आमच्या सौभाग्यवतींमुळे. ती इथे बिलासपूरलाच नर्स आहे, आणि तिला दर महिन्याला रात्रपाळीचा आठवडा असतो.

तीन वर्षांपूर्वी घरी गौरी बसल्या होत्या. चौथी नाइट करून ती सकाळी साडेआठला आली. घरात पाहुणे, पुरणपोळीचा स्वयंपाक. मी म्हणालो, "आजचा तर दिवस आहे, झोप काय, नंतर होईल." ती काही बोलली नाही. सगळे उरकून जेमतेम दोन तास झोपली आणि रात्री पुन्हा ड्यूटीवर गेली. दुसऱ्या दिवशी स्कूटीवरून परतताना रेल्वे फाटक बंद होते. गाडी गेली, फाटक उघडले, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी ती हलेना. पाय टेकवून उभ्या उभ्या तिला झोप लागली होती! फाटकाऐवजी चालत्या रस्त्यावर लागली असती तर? किंवा त्याआधी तासभर, कुणाला इंजेक्शन देताना?

मला माझीच लाज वाटली. आमच्या खात्यात ब्लॉक मिळाल्याशिवाय आम्ही रूळ उघडत नाही. ब्लॉक असेपर्यंत मेल असो की राजधानी, त्या लाइनवर गाडी येत नाही. मोठे काम झाल्यावरही गाडी लगेच पूर्ण वेगाने सोडत नाहीत, आधी कॉशन ऑर्डर देतात. लोखंडाची एवढी काळजी घेणारा मी, घरच्या माणसाला ब्लॉक देत नव्हतो.

शरीरात एक घड्याळ असते. ते आतून कसे चालते याच्या शोधासाठी २०१७ साली तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल मिळाले. हे घड्याळ उजेडानुसार जुळते, म्हणून दिवसाची झोप तुटक आणि कमी होते. पहाटे ३ ते ५ ही सर्वांत अवघड वेळ. सलग १७ तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायल्यासारखा चुकतो, हे १९९७ सालीच प्रयोगाने दिसले आहे.

तेव्हापासून नाइटच्या आठवड्यात आमच्या घरी ९ ते ३ ब्लॉक असतो. खिडकीला जाड काळा पडदा, बेल बंद, तिचा मोबाइल माझ्याकडे किंवा मुलीकडे. दूधवाला, गॅसवाला यांना आधीच सांगितलेले. उठल्यावर अर्धा तास कॉशन ऑर्डर, म्हणजे तिला हिशेब विचारायचे नाहीत. संध्याकाळी ड्यूटीला जाण्यापूर्वी ती एक डुलकी काढते. शेवटचा चहा रात्री २ च्या आत, कारण त्याचा निम्मा असर पाच-सहा तास टिकतो. घरी येताना गॉगल, आणि सलग नाइट असतील तर स्कूटी नाही, रिक्षा.

झोपेइतकाच मनावरचा ताण. वॉर्डात पेशंट गेला की ती घरी येऊन पडून राहते, डोळा लागत नाही. 'ते औषध वेळेवर दिले ना?' हेच मनात घोळते. यावर तिनेच उपाय काढला. चार्ज देण्यापूर्वी सगळे लिहून काढायचे, शंका तिथेच सहकारी सिस्टरला विचारायची. घरी दहा मिनिटे ती बोलते, मी ऐकतो. सल्ला देत नाही. हे शिकायला मला वर्ष लागले! आणखी एक. औषधे हाताशी असतात म्हणून झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल तर डॉक्टरांकडे जायचे.

आता समितीला एक विनंती. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद असतो, तो नियम रात्री झोपणाऱ्यांसाठी. पण आपल्या कॉलनीत गार्ड आहेत, लोको पायलट आहेत, नर्सेस आहेत. त्यांची रात्र सकाळी ९ ला सुरू होते. आरती जरूर लावा, पण मधल्या वेळी स्पीकर बंद ठेवता येईल का? बाप्पा रागावणार नाहीत.

आणि दुपारी कुणाच्या दाराला पडदा ओढलेला दिसला तर 'अजून झोपलीय?' असे म्हणू नका. ती आळशी नाही. ती ड्यूटीवरच आहे.

गणपती बाप्पा मोरया!