जामीन मिळाला, जामीनदार मिळेना

(मंडळीच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी वकील आहे. परराज्यातून मजुरीसाठी आपल्या शहरात आलेल्या आणि फौजदारी खटल्यात अडकलेल्या आदिवासींची कामे मी पाहतो. आज त्यांपैकी एका तरुणाविषयी सांगतो. त्याचे नाव मात्र सांगत नाही.

तो झारखंडचा संथाळ. बांधकामावर सळया बांधायचा. तिथले लोखंड चोरीला गेले आणि इतर मजुरांबरोबर त्यालाही अटक झाली. तुरुंगात भेटलो तेव्हा त्याला हिंदी जेमतेम कळत होती. मराठी कागदांवर त्याने अंगठा दिला होता, पण त्यांत काय लिहिले आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आपल्या मंडळीत येणाऱ्या एका संथाळी नर्सबाई दुभाषी म्हणून माझ्याबरोबर आल्या, तेव्हा कुठे तो मोकळेपणाने बोलला.

जामीन मंजूर झाला. पण अट होती १५,००० रुपयांच्या स्थानिक जामीनदाराची. त्याचा भाऊ गावाहून जमिनीचे कागद घेऊन आला. परराज्यातले म्हणून ते नाकारले गेले. दोन महिने असेच गेले. मग एके दिवशी त्याने विचारले, "वकीलसाहेब, गुन्हा कबूल केला तर घरी सोडतील का?"

कदाचित सोडलेही असते. पण जो गुन्हा केलाच नाही असे तो सांगत होता, त्याचा शिक्का जन्मभर राहिला असता.

ही अडचण नवी नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या गरीब गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीन मागितला गेला, आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याची हमी नाकारली गेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चुकीचे ठरवून त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुचवले की, स्थानिक जामीनदाराअभावी सुटका अडत असेल तर ती अट घालू नये.

हेच आम्ही कोर्टापुढे मांडले आणि तो जातमुचलक्यावर सुटला. खटला अजून चालू आहे. निकाल कोर्ट देईल. तो प्रत्येक तारखेला हजर असतो. आदल्या रात्री आपल्याच एका वडीलबंधूंच्या घरी मुक्काम करतो.

आपण काय करू शकतो? पहिले, माहिती सांगा. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या कोणालाही १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा क्रमांक मजुरांच्या वस्तीत लिहून लावा. दुसरे, संथाळी, मुंडारी, कुडुख जाणणारे कोणी ओळखीचे असतील तर मला कळवा. तिसरे, ज्यांना शक्य आहे त्यांनी जामीनदार व्हावे. यात जोखीम आहे, हे लपवत नाही. आरोपी हजर राहिला नाही तर ती रक्कम जामीनदाराला भरावी लागू शकते. म्हणून आधी त्या माणसाला भेटा, त्याच्या घरच्यांशी बोला, मगच सही करा.

तुरुंगातल्याची भेट घेणे ही आपल्याला नेमून दिलेली सेवा आहे. पुढच्या शनिवारी मी भेटीला जाणार आहे. माझ्याबरोबर कोण येणार, ते सभा संपल्यावर सांगा.