१ जूनची मुलं आणि वरचं कोर्ट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "तू वकील आहेस, कोर्टाबद्दल दहा मिनिटं बोल, पण लोकांना झोप येईल असं नको." म्हणून आधी एक प्रश्न विचारते. आपल्या १९८५ च्या दहावीच्या बॅचमध्ये ज्यांचा कागदोपत्री वाढदिवस १ जूनला असतो, त्यांनी हात वर करा. बघा, निम्मं सभागृह! माझाही हात वर आहे. दर १ जूनला ग्रुपवर केकची इतकी चित्रं येतात की मोबाईल गरम होतो. हसा, हसण्यासारखंच आहे. पण मी आज याच तारखेबद्दल बोलणार आहे, आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

आपण झाडीपट्टीची माणसं, कोर्ट पहिल्यांदा नाटकातच पाहिलं. नाटकातला जज हातोडा आपटतो. इतक्या वर्षांच्या वकिलीत मी कोर्टात हातोडा पाहिलेला नाही. बाकी उतरंड अशी. तालुक्याला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, त्यांना तीन वर्षांपर्यंत कैद देता येते. जिल्ह्याला सत्र न्यायालय, त्याला फाशीपर्यंत कोणतीही शिक्षा देता येते, मात्र फाशीवर उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब लागतं. आपलं उच्च न्यायालय मुंबईचं, पण आपल्यासाठी त्याचं खंडपीठ नागपूरला. सगळ्यात वर दिल्ली. दिल्लीने कायद्याचा जो अर्थ लावला तो देशातल्या प्रत्येक कोर्टाला बांधील, हे राज्यघटनेचं कलम १४१.

एवढं आपल्याला नागरिकशास्त्रात होतं. पुस्तकात नव्हतं ते हे, की साक्षीदार साधारणपणे फक्त खालच्या कोर्टात बोलतो. नागपूरला आणि दिल्लीला त्याचा आवाज जात नाही, कागद जातो. वरचे न्यायाधीश कितीही मोठे असोत, ते खाली कोणीतरी लिहून ठेवलेलंच वाचतात.

ही उतरंड शेवटच्या पायरीपर्यंत चढलेला एक खटला आपल्या वडशाचा आहे. मी तो पहिल्यांदा ऐकला १९९० च्या सुमारास, नागपूरला लॉ करताना. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य', आणि वाचायला लागले. घटनास्थळ, देसाईगंज पोलीस ठाणे. जिल्हा चंद्रपूर. वर्गात वडशाची मी एकटीच. मी मान खाली घातली आणि वहीत रेघा ओढत बसले.

तुम्हाला आठवत असेल, आपण आठवीत असताना, २६ ऑगस्ट १९८२ ला, गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. खटला त्याच्या आधीचा, म्हणून निकालपत्रात चंद्रपूर. २६ मार्च १९७२ ची रात्र. आईवडील नसलेली, मजुरी करणारी एक आदिवासी मुलगी. भावाने तक्रार दिली होती, म्हणून तिला जबाब द्यायला ठाण्यात आणलं होतं. जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत ठेवून घेतलं. आरोपी दोन, दोघेही पोलीस. तिचं नाव मी घेणार नाही. अशा पीडितेचं नाव छापणं हा गुन्हा आहे, आणि तो कायदा तिच्याच खटल्यानंतर आला. तोवर तिचं नाव देशभर झालं होतं, आजही कायद्याच्या पुस्तकांत ते सर्रास सापडतं.

१ जून १९७४ ला चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. होय, तीच तारीख, योगायोग. राज्य सरकारने अपील केलं. १२ ऑक्टोबर १९७६ ला नागपूर खंडपीठाने निकाल फिरवला, एकाला पाच वर्षं आणि दुसऱ्याला एक वर्ष. भीतीने गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, असं नागपूरचं म्हणणं. मग आरोपी दिल्लीला गेले. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, आणि ओरडल्याचं तिचं म्हणणं न्यायमूर्तींना पटलं नाही.

पुढच्या वर्षी चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी, सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये संसदेने कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर संमती नव्हती असंच न्यायालयाने धरायचं. सर्वोच्च न्यायालयाने लावलेल्या अर्थावर संसद नवा कायदा करू शकते, ही तिची ताकद. पण सुटलेल्या माणसाला नव्या कायद्याने परत पिंजऱ्यात उभं करता येत नाही. म्हणजे देशाला कायदा मिळाला आणि तिला काहीच नाही.

हे सगळं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आहे. मला जे सांगायचंय ते निकालपत्रातल्या एका लहान वाक्यात आहे. चंद्रपूरच्या कोर्टाने असंही म्हटलं होतं, की मुलगी सोळा वर्षांखालची असल्याचा समाधानकारक पुरावा नाही. तेव्हाचा कायदा असा, की सोळाच्या आत संमतीचा प्रश्नच येत नाही. जखमा होत्या का, ओरडली का, सगळं गैरलागू. डॉक्टरांनी तपासून वय सांगितलं होतं चौदा ते सोळा. या 'ते'मध्ये सगळा खटला गेला. तिच्या वयाचा एक भरवशाचा कागद असता, तर संमतीवर दिल्लीत एक शब्द लिहावा लागला नसता.

आणि आता मी माझ्याकडे येते. आज वयाची ती मर्यादा अठरा आहे. वय ठरवताना कायदा आधी शाळेचा कागद मागतो, मग नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, आणि हे काहीच नसेल तर हाडांची तपासणी. त्या तपासणीत दोन वर्षं इकडेतिकडे होतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका खटल्यात मी आरोपीची वकील होते. आतल्या भागातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक दाखल-खारीज रजिस्टर फडक्यात गुंडाळून घेऊन आले होते. पहाटेच्या एसटीने निघालेले, अंगावर इस्त्रीचा शर्ट. मी विचारलं, या पानावर एकूण किती मुलं? त्यांनी मोजलं, बावीस. त्यांतल्या किती जणांची जन्मतारीख १ जून? ते बोटाने खाली खाली जात राहिले. सतरा. मग मी विचारलं, ही तारीख कोणत्या कागदावरून लिहिली? ते म्हणाले, "मॅडम, मी तेव्हा तिथे नव्हतो."

वय सिद्ध झालं नाही. माझा अशील सुटला. तो सुटायला हवा होता की नाही, यावर मी बोलणार नाही. वकिलाने आपलं काम करायचं असतं आणि मी ते नीट केलं. पण ती मुलगी मागच्या बाकावर बसली होती, आणि कोर्टातून बाहेर पडताना तिने मला वाट दिली. मला तिथे फळ्यावरचा तो खटला आठवला.

आज इथे आपल्यातले सात-आठजण शिक्षक आहेत, दोन मुख्याध्यापिका आहेत, एकजण ग्रामसेवक आहे. तुम्हाला वाटतं, सत्ता वरच्या कोर्टात असते. असते, निकालाची असते. पण तुमच्या हातातल्या त्या एका रकान्यात काय लिहिलंय, त्याच्या पलीकडे दिल्लीलाही पाहता येत नाही. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला मागा. नसेल तर आईला विचारा, आणि कोणी काय सांगितलं ते शेऱ्यात लिहून सही घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. मी उलटतपासणीला उभी असेन तेव्हा त्या दोन ओळी मला जड जातील, आणि गेलेल्याच बऱ्या.

लहानपणी आई मला सांगायची, शाळेतून येताना ठाण्यासमोरून येऊ नको, बाजारातून ये. लांब पडायचं, पाय दुखायचे, मी चिडायची. लॉच्या पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा विचारलं, "आई, ते त्या मुलीमुळे होतं का?" आई तांदूळ निवडत होती. "तुला कोणी सांगितलं?" एवढंच म्हणाली आणि सूप फिरवत राहिली. त्यानंतर आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

काल मेळाव्याच्या तयारीला लवकर आले, तेव्हा पहिलीचे आपले गुरुजी भेटले. वय झालंय, पण आठवण अजून पक्की. मी त्यांना विचारलं, गुरुजी, माझी जन्मतारीख तुम्ही कशी ठरवली? ते लगेच म्हणाले, "तुझ्या आईने सांगितलं होतं, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाली. पण पोळ्याची तारीख लिहिली असती, तर जूनमध्ये तुझं वय कमी भरलं असतं, आणि तू दारात रडत उभी होतीस."