इंजिनिअरचंही ऐकून घेऊया

बुरोंडीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आजचा प्रश्न असा : काम बिघडलं म्हणून इंजिनिअरविरुद्ध तक्रार झाली, तर त्याला बाजू मांडू द्यायची का?

पाखाडी खचली, टाकी गळली की आपण लगेच म्हणतो, "पैसे खाल्ले, घरी बसवा त्याला." राग खोटा नसतो. २ जुलै २०१९ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटलं. भेंदवाडीतली घरं वाहून गेली, वीसहून अधिक माणसं गेली. धरण गळतंय हे गावकरी आधीपासून सांगत होते. तरी तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष दिला खेकड्यांना! पुढे चौकशीसाठी सरकारने विशेष पथक नेमलं.

खेकड्यावर ढकलणं जसं चूक, तसं न ऐकताच एका माणसावर ढकलणंही चूक. समजा, एखाद्या कामात खालच्या इंजिनिअरने दुरुस्तीचं पत्र वर पाठवलं आणि ते वरच पडून राहिलं. त्याला बोलूच दिलं नाही, तर ते पत्र बाहेर येईल कसं? खरा दोषी मजेत राहील, आणि पुढचं कामही तसंच होईल.

कायदाही हेच सांगतो. राज्य सरकारी नोकराला आरोप कळवून, म्हणणं ऐकूनच बडतर्फ करावं, असं घटनेचं ३११ वं कलम म्हणतं. त्याला अपवाद थोडे. जिल्हा परिषदेच्या नोकरांसाठी १९६४ चे शिस्त व अपील नियम आहेत. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, हेही लक्षात ठेवा. आणि घाईत, न ऐकता दिलेली शिक्षा अपिलात रद्द होऊ शकते. मग दोषी असला तरी तो सुटतो. म्हणजे त्याचं ऐकण्यात आपलाही फायदा आहे.

मग आपण काय करायचं? तक्रार जरूर करायची, पण माणसावर नाही, कामावर. कुठे, कधी, काय बिघडलं ते तारखेसह लिहायचं, फोटो जोडायचे, पोच घ्यायची. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांचे चाचणी अहवाल मागायचे. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला हे शुल्क नाही. उत्तर साधारण ३० दिवसांत यायला हवं.

प्रामाणिक इंजिनिअरला हेच कागद वाचवतात आणि लबाडाला हेच कागद पकडून देतात. म्हणून येत्या बैठकीत गावातलं एक चालू काम निवडा आणि त्याचे कागद आत्ताच मागा. काम बिघडायची वाट बघू नका.