झाडांचा दिवस-रात्रीचा जमाखर्च
(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



रात्री झाडे विषारी वायू सोडतात, म्हणून त्यांच्याखाली निजू नये, असे आपण ऐकत आलो आहोत. पिंपळ मात्र अहोरात्र प्राणवायू देतो, असेही सांगितले जाते. कोणते झाड लावावे, कोणते तोडावे, हे ठरविण्यापूर्वी या दोन्ही समजुती शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहणे अगत्याचे आहे.

हवेतील कर्बवायू आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून हिरवी पाने सूर्यप्रकाशात शर्करा तयार करतात व प्राणवायू बाहेर टाकतात. या क्रियेला प्रकाशच हवा, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखवून दिले. श्वसन मात्र रात्रंदिवस चालते. त्यामुळे रात्री झाड कर्बवायू सोडते. परंतु तो इतका अल्प असतो, की उघड्यावर निजणाऱ्यास त्यापासून अपाय संभवत नाही. खोलीतील कुंडीपेक्षा शेजारी निजलेला माणूसच कितीतरी अधिक कर्बवायू सोडतो! तसेच, प्रकाशावाचून पिंपळच काय, कोणतेही झाड प्राणवायू देत नाही.

काही वनस्पतींची रीत निराळी आहे. निवडुंग, घायपात, अननस व पानफुटी यांची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. तेव्हा घेतलेला कर्बवायू मॅलिक आम्लाच्या रूपाने साठविला जातो आणि दिवसा, रंध्रे मिटलेली असताना, त्याची शर्करा होते. यामुळे पाण्याची मोठी बचत होते. पानफुटीची पाने सकाळी आंबट व दुपारनंतर बेचव लागतात, हे बेंजामिन हाइन यांनी भारतातच पाहिले. त्यांचे टिपण १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षकांनी सकाळ-संध्याकाळच्या पानांचा रस आम्लतादर्शक कागदावर घेऊन हा फरक विद्यार्थ्यांस अवश्य दाखवावा. पाने चाखू मात्र देऊ नयेत.

वाढत्या झाडाची दिवसाची जमा रात्रीच्या खर्चाहून अधिक असते. ही शिल्लक खोड, फांद्या व मुळे यांत साठते. वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे निम्मा भाग कर्बाचा असतो. झाड तोडून जाळले, की वर्षानुवर्षांची ही ठेव काही तासांत हवेत परत जाते. म्हणून वृक्षारोपणात किती रोपे लावली, याबरोबरच किती जगली आणि गावातील जुनी झाडे किती राखली, याचीही नोंद पंचायतीच्या दप्तरी असावी, एवढीच माझी विनंती आहे.