आईचं स्वप्न काय होतं? चित्रांच्या पुस्तकांनी विचारायला लावलेला प्रश्न

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी, आणि ऐकून झाल्यावर पुन्हा वाचावंसं वाटेल त्यांच्यासाठीही.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये लटकत असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

आज लहान मुलांच्या पुस्तकांबद्दल बोलायचंय. थांबा, लगेच पुढे ढकलू नका! ही पुस्तकं आहेत देश सोडून दुसऱ्या देशात गेलेल्या घरांची. प्रत्येक पुस्तक पंधरा-वीस मिनिटांत वाचून होतं. पण त्यातल्या एका पुस्तकाने माझी आठवडाभराची झोप उडवली.

त्याचं नाव 'वॉटरक्रेस'. लिहिलंय अँड्रिया वँग यांनी, चित्रं जेसन चिन यांची. 2021 साली आलं आणि 2022 मध्ये त्याला कॅल्डेकॉट पदक मिळालं. अमेरिकेत चित्र-पुस्तकांसाठी हा सर्वांत मोठा मान समजतात.

गोष्ट एवढीशी आहे. ओहायो राज्यात एक चिनी कुटुंब जुन्या गाडीतून चाललंय. आई-बाबांना रस्त्याकडेच्या चरात एक पालेभाजी दिसते. गाडी थांबते आणि मुलांना चिखलात उतरून भाजी खुडायला लावतात. तेवढ्यात बाजूने दुसरी गाडी जाते आणि मुलगी तोंड लपवते. ओळखीचं कुणी असलं तर? रात्री ती भाजी खायला नकार देते. मग आई एक जुना फोटो आणते आणि चीनमधल्या दुष्काळाबद्दल, त्यात गेलेल्या आपल्या धाकट्या भावाबद्दल पहिल्यांदाच बोलते. बस, इतकंच.

आता माझं सांगते.

मी आठ वर्षांची असताना आम्ही लातूरकडच्या एका खेड्यातून पुण्यात आलो. बाबा एका सोसायटीत वॉचमन. हडपसरला आमच्या खोलीपासून कॅनॉल जवळ होता. पावसाळ्यात आई तिथे जायची आणि तांदुळजा, घोळ असं काहीबाही ओटीत भरून आणायची. मला सोबत न्यायची. सातवीत असताना एकदा माझ्या वर्गातली मुलगी तिच्या पप्पांच्या स्कूटरवरून तिथून गेली. मी काय केलं असेल? झाडाच्या मागे लपले. आईने हाक मारली तरी ओ दिली नाही.

आणि तेवढ्यावर थांबले नाही. आई आमच्याकडचं बोलते, 'काय करूलालीस' वगैरे. वर्गातली पोरं हसायची. मी घरी येऊन तिला स्पष्ट सांगितलं, 'पालकसभेला आलीस तर काही बोलू नको.' ती आली. कोपऱ्यात बसली. खरंच काही बोलली नाही.

'वॉटरक्रेस'मधली मुलगी एका रात्रीत शहाणी होते. मला सतरा वर्षं लागली.

पुस्तक वाचून झाल्यावर मी आईला विचारलं, 'तू ती भाजी का आणायचीस गं? पैसे नव्हते म्हणून?' ती म्हणाली, 'पैसे नव्हतेच, पण म्हणून नाही.' मग कळलं की 1972 च्या दुष्काळात ती सहा वर्षांची होती. माझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे मुलांना सुकडी मिळायची. घरात अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. 'ते वर्ष डोळ्याला हिरवं दिसलंच नाही माय,' आई म्हणाली. 'दुसऱ्या वर्षी पाऊस पडला आन बांधावर तांदुळजा उगवला. तवापासून हिरवं दिसलं की मला पुढं जाताच येत नाही.'

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर ती म्हणते, 'लाज कशाची? मला आवडते ती भाजी!' विषय संपला. म्हणजे तिच्याकडून संपला.

ही पुस्तकं नेमकं हेच करतात. आई-बाबांनी जे कधी सांगितलं नाही, ते विचारायला आपल्याला एक निमित्त देतात.

आणखी दोन पुस्तकं सांगते. यूयी मोरालेस ही मेक्सिकोची चित्रकार. 1994 मध्ये तान्ह्या मुलाला घेऊन ती अमेरिकेत आली. इंग्रजी धड येत नव्हतं. फिरता फिरता ती सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयात पोचली आणि तिथे मुलांची चित्र-पुस्तकं बघत बघत भाषा शिकली, स्वतः पुस्तकं करायला लागली. ही तिची गोष्ट 'ड्रीमर्स' या नावाने 2018 मध्ये आली. अमेरिकेत 'ड्रीमर्स' म्हणतात ते लहानपणी कागदपत्रांशिवाय तिथे आलेल्या तरुणांना. मोरालेसचं म्हणणं असं की नव्या देशात पाऊल ठेवणारा प्रत्येकच माणूस स्वप्न घेऊन येतो. मला आवडलं ते हे, की इथे स्वप्न आईचं आहे. 'मुलं शिकावीत' एवढंच नाही, तिचं स्वतःचंही.

दुसरं म्हणजे शॉन टॅन यांचं 'द अरायव्हल', 2006 सालचं. यात वाचायला एक शब्द नाही! फक्त चित्रं. एक माणूस बायको-मुलीला मागे ठेवून परक्या शहरात जातो. तिथल्या पाट्यांवरची लिपी चित्रकाराने स्वतः बनवलेली, त्यामुळे त्या माणसासारखीच आपल्यालाही ती वाचता येत नाही. त्याला भिंतीवर पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, तर तो सगळी उलटी चिकटवतो.

हे पुस्तक मी मैत्रिणीकडून आणलं आणि आईसमोर ठेवलं. इंग्रजी यायची गरजच नाही ना! तिने चष्मा लावून एकेक पान पाहिलं. तो माणूस पेटीत कुटुंबाचं चित्र गुंडाळून ठेवतो तिथे बराच वेळ थांबली. उलट्या पोस्टरला खूप हसली. 'तुझे बाबा पहिल्या दिवशी उलट्या दिशेच्या बसमध्ये बसले होते,' म्हणाली. मला हे माहीतच नव्हतं.

मग मी विचारलं, 'आई, तुला काय व्हायचं होतं?'

इतक्या वर्षांत मी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. तुम्ही विचारलाय?

ती लाजली. म्हणाली, 'एसटीची कंडक्टर.' तिकिटाला भोक पाडायचा तो पंच तिला फार आवडायचा. टिक टिक करत गावोगाव फिरायचं, हे तिचं स्वप्न.

मंडळी, स्थलांतर फक्त अमेरिकेत होत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडची कितीतरी घरं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. लेकरंही बरोबर जातात. त्या कोपीत झोपणाऱ्या मुलीचं चित्र-पुस्तक माझ्या हाती अजून आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी चित्रं काढत असेल, कुणी लिहीत असेल, तर हे तुमचं काम आहे. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' मोबाइलवर उघडून बघा. तिथे मराठीसह अनेक भाषांत गोष्टी फुकट वाचता येतात आणि स्वतःची गोष्टही करता येते.

मी आईला या भागात बोलायला बोलावलं होतं. ती म्हणाली, 'नको, माझं बोलणं तसलं, लोक हसतील.' हे तिला कुणी शिकवलं, ते मला माहीत आहे. सातवीतल्या एका मुलीने.

ते एका सॉरीने पुसलं जाणार नाही. मी तिला एवढंच सांगितलंय की माइक स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलाय, तुला वाटेल तेव्हा, तुझ्या भाषेत. अजून तरी ती त्याच्यावर फडकं टाकून ठेवते, फोडणी उडू नये म्हणून.

तर आज घरी गेलात की, किंवा गावी फोन लावलात की, तो एक प्रश्न नक्की विचारा. उत्तर मला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!