दगडातली नाणी



आज तुम्हांला एका दगडाची गोष्ट सांगतो. तिच्यात माझी एक चूकही आहे.

मी हेडमास्तर होतो तेव्हाची गोष्ट. एका मुलाचे वडील कच्छात कामाला होते. मुलाने तिकडून एक चपटा, गोल दगड आणला. रुपयाएवढा. म्हणाला, "गुरुजी, हा एकदा जिवंत होता." मी त्याला दटावले. "दगड तो दगड. बस खाली!" वर्ग हसला. पोर गप्प बसले.

पुढे मी वाचले, तेव्हा कळले. खरे पोराचेच होते.

त्या जिवाचे नाव न्यूम्युलायटिस. म्हणजे नाण्यासारखा दगड. लामार्क या फ्रेंच पंडिताने १८०१ साली हे नाव ठेवले. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी हे जीव उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी राहत. आपल्या शरीरात कोट्यवधी पेशी असतात. याचे सारे शरीर एकाच पेशीचे. डोळे नाहीत, पोट नाही. पण अंगाभोवती चुनखडीचे घर बांधायचा.

घर कसे, ते बघा. हा दगड तापवून थंड पाण्यात टाकला, की डाळीसारख्या दोन फाका होतात. आत चकलीसारखे वेढे दिसतात. वेढ्यांत आडव्या भिंती. दोन भिंतींमध्ये एक खोली. मधोमध सर्वांत पहिली खोली. जीव वाढला, की पुढे नवी खोली बांधी. जुनी मोडत नसे.

बाहेरून पाहून शहाणेही फसले. इजिप्त देशात गिझाचे पिरॅमिड आहेत. त्यांच्या दगडांत हे जीव खच्चून भरलेले आहेत. सुमारे २००० वर्षांपूर्वी स्ट्रेबो हा प्रवासी तिथे गेला. लोक त्याला म्हणाले, "मजुरांच्या जेवणातली उरलेली मसूर दगड झाली!"

या जिवांच्या मोठ्या गटाला फोरामिनिफेरा म्हणतात. १८२६ साली दॉर्बिन्यी या अभ्यासकाने हे नाव दिले. पण आतल्या खोल्या पाहून त्याने गट माकुळाच्या कुळात घातला. १८३५ साली दुजार्दँ याने या गटातले जिवंत जीव तपासले. माकुळाचे अवयव त्यांत नव्हतेच! मग कूळ बदलले.

आणखी एक फसगत झाली. एकाच जातीची दोन रूपे असतात. एकाचे घर लहान, पण पहिली खोली मोठी. दुसऱ्याचे घर मोठे, पण पहिली खोली अगदी बारीक. जन्माची रीत वेगळी, म्हणून हा फरक. अभ्यासकांनी त्यांना दोन नावे दिली. जणू आई एका कुळातली, लेक दुसऱ्या!

आपल्या डोंगरातला काळा दगड ज्वालामुखीचा. त्यात हे सापडायचे नाहीत. कच्छात लखपतच्या बाजूला मात्र पुष्कळ सापडतात. त्यांच्या जातींवरून खडकाचे वय ठरते. जमिनीतले तेल शोधतानाही त्यांची मदत होते.

त्या मुलाला मी गप्प बसवले, याची मला अजून चुटपुट लागते. मी दगड हातातसुद्धा घेतला नव्हता.

मंडळी, आता तुम्हांला वाचता येते. उद्या तुमचे पोर काही नवे सांगेल. त्याला हसू नका. "कशावरून?" म्हणून विचारा, आणि दोघे मिळून बघा.