प्लेटवरचा आकडा हाही काटाच

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाजार समितीत माल नेला की आपली नजर आधी काट्यावर जाते. हमाली, तोलाई, कडता हे शब्द आपल्याला कोणत्या शाळेने शिकवले नाहीत. खिशातून पैसे गेले तेव्हा आपण ते शिकलो. खताच्या गोणीचेही तसेच. १०:२६:२६ म्हणजे शंभर किलोत नत्र १०, स्फुरद २६, पालाश २६, हे आज न शिकलेली म्हातारी बाईसुद्धा सांगते. दुकानदार तिला दुसरीच गोणी देऊ शकत नाही.

पण आता शेतात आणखी एक काटा आला आहे. तो म्हणजे यंत्रावर ठोकलेली पत्र्याची प्लेट. ट्रॅक्टरवर आहे, मोटरवर आहे, बॅटरीवर आहे, डीपीवरसुद्धा आहे. त्यावर हॉर्सपॉवर, व्होल्ट, अँपिअर, केव्हीए असे शब्द असतात. लाखो रुपयांचा व्यवहार या शब्दांवर होतो आणि नेमका तिथेच आपण म्हणतो, "ते मिस्त्रीला कळतं." मिस्त्रीला कळते हे खरे. पण पैसे मिस्त्री भरत नाही, आपण भरतो. मी कृषी पदवीधर आहे, इंजिनिअर नाही. म्हणून जेवढे शेतकऱ्याच्या खिशाशी येऊन भिडते तेवढेच आज सांगणार आहे.

पहिला शब्द हॉर्सपॉवर. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात जेम्स वॉट वाफेची इंजिने विकत होता. गिऱ्हाईक विचारी, माझ्याकडे घोडे आहेत, तुझे इंजिन किती घोड्यांचे काम करील? त्याला उत्तर देण्यासाठी वॉटने हे माप ठरवले. म्हणजे हा शब्द जन्मला तोच विक्रीसाठी. आज एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट धरतात. आपल्या मध्यम बैलाची ताकद साधारण अर्धा हॉर्सपॉवर. त्या हिशेबाने ४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर म्हणजे ९० बैल. पण हे ९० बैल कागदावरचे आहेत. शेतात किती उतरतात ते पाहा.

ट्रॅक्टरची हॉर्सपॉवर तीन ठिकाणी मोजता येते. एक इंजिनाची. जाहिरातीत आणि ट्रॅक्टरच्या नावात बहुधा हीच असते. दुसरी पीटीओची, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्याची, ज्यावर रोटाव्हेटर, थ्रेशर आणि फवारणीचा ब्लोअर चालतो. इंजिनाची ताकद गिअरमधून तिथे पोचेपर्यंत घटते. ४५ च्या ट्रॅक्टरची पीटीओवर साधारण ३८ ते ४० उरते. तिसरी ओढीची, ड्रॉबारची. ती याहून कमी, कारण मऊ रानात चाक जागीच घसरते.

मग रोटाव्हेटर घेताना कोणता आकडा विचारायचा? पीटीओचा. अवजाराच्या पुस्तिकेत जी हॉर्सपॉवर मागितली आहे ती इंजिनाची की पीटीओची, हे आधी विचारा आणि मगच ट्रॅक्टरचा आकडा तिच्याशी जुळवा. बहुतेक अवजारे पीटीओच्या ५४० फेऱ्यांवर चालतात. इंजिन किती फेऱ्यांवर असताना पीटीओ ५४० देतो, हेही विचारा. कमी फेऱ्यांवर देत असेल आणि काम हलके असेल तर डिझेल वाचते.

विक्रेत्याच्या तोंडावर विसंबायचे कारण नाही. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची ताकद, ओढ आणि डिझेलचा खप छापलेला असतो. शोरूममध्ये चहा पिण्याआधी तो अहवाल मागा.

दुसरा शब्द टॉर्क. टॉर्क म्हणजे पिळाचा जोर. घट्ट बसलेला नट लांब पान्याने सुटतो, आखूड पान्याने सुटत नाही. हात तोच, पिळाचा जोर वेगळा. लहान मोटारगाडीचे इंजिनसुद्धा ६०-७० हॉर्सपॉवरचे असते, म्हणजे ४५ च्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त. पण ती नांगर ओढत नाही. तिची ताकद मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांवर निघते. ट्रॅक्टरची ताकद दोन हजारांच्या आसपास निघते, म्हणून प्रत्येक फेरीत पीळ जास्त. शिवाय गिअर आणि वजनही त्याच कामासाठी केलेले. तेव्हा दोन ट्रॅक्टर सारख्या हॉर्सपॉवरचे असतील तर पुढचा प्रश्न टॉर्कचा विचारा, आणि तो किती फेऱ्यांवर मिळतो हेही विचारा.

तिसरा शब्द सीसी. सीसी म्हणजे सिलिंडरचे पोट. पिस्टन खालून वर गेला की जेवढी जागा झाडून घेतो, ती सगळ्या सिलिंडरांची मिळून घनसेंटिमीटरमध्ये मोजतात. सीसी म्हणजे ताकद नव्हे. पण सरकारने कर या शब्दाला बांधला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. त्यात ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलला १८ टक्के आणि त्यापुढच्या मोटरसायकलला ४० टक्के लागला. शेतीच्या ट्रॅक्टरवरचा कर त्याच दिवशी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्या तारखेनंतरचे बिल असेल तर कराची ओळ वाचा.

आता बॅटरी. सकाळी सेल्फ मारला, नुसते कट-कट वाजले, की गावात निदान ठरलेले: बॅटरी गेली. आणि दुकानदाराचे औषधही ठरलेले: नवी घ्या. जरा थांबा. बॅटरीवर १२ व्होल्ट आणि समजा ८८ एएच लिहिले आहे. व्होल्ट म्हणजे दाब, टाकीतले पाणी किती उंचीवर आहे ते. अँपिअर म्हणजे धार, पाइपातून किती वाहते ते. एएच म्हणजे अँपिअर-तास, टाकीत साठा किती. ८८ एएचची नवी बॅटरी साधारण ४.४ अँपिअर प्रमाणे वीस तास पुरते.

सेल्फ मात्र काही क्षणांसाठी २०० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढतो. एवढ्या धारेच्या वाटेत टर्मिनलवर पांढरी बुरशी आली असेल, किंवा अर्थची वायर चेसीवर सैल असेल, तर ओहमच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा अडथळासुद्धा २०० अँपिअरला ४ व्होल्ट खाऊन टाकतो. १२ चे ८ उरले. सेल्फ कसा फिरणार? म्हणून आधी टर्मिनल गरम पाण्याने धुवा, घासा, आवळा, अर्थची वायर तपासा. मग मीटर लावा. ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर आकडा १४ च्या जवळ चढला पाहिजे. चढत नसेल तर दोष आपण ज्याला डायनामो म्हणतो त्या अल्टरनेटरकडे, त्याच्या पट्ट्याकडे किंवा वायरिंगकडे शोधा. तसेच ठेवून नवी बॅटरी बसवली तर चार दिवसांत तीही उतरेल.

हेच शब्द विहिरीवर घेऊन चला. पाच हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे ५ गुणिले ७४६, ३७३० वॉट. हे मोटरने दिलेले काम. तेवढे काम द्यायला ती तारेतून साधारण साडेचार हजार वॉट घेते, बाकीची उष्णता. हजार वॉट एक तास म्हणजे एक युनिट. म्हणजे ही मोटर तासाला साडेचार युनिट खाते आणि आठ तासांत ३६. मीटर असेल तर एक दिवस घड्याळ लावून हा ताळा करा. फार फरक आला तर मीटर, मोटर किंवा पंप यांपैकी एकात काहीतरी बिघडले आहे.

थ्री फेजवर ४१५ व्होल्ट पूर्ण मिळाले तर ही मोटर सात-आठ अँपिअर घेते. व्होल्टेज ३०० वर उतरले तर तेवढेच पाणी चढवायला ती दहाच्या वर अँपिअर ओढते. तारेतील उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. मोटर जळते ती अशी. "मोटरच हलकी निघाली" असे म्हणण्याआधी, जळाली तेव्हा व्होल्टेज किती होते याची वहीत नोंद हवी. नोंद असेल तर तक्रार होते, नसेल तर नुसते रडगाणे.

आणि डीपी. डीपीवर ६३ केव्हीए लिहिलेले असते. कारखान्यात ऊस जातो टनावर आणि साखर निघते उताऱ्यावर. केव्हीए म्हणजे टन, किलोवॅट म्हणजे साखर, आणि पॉवर फॅक्टर म्हणजे उतारा. उतारा ०.८ असेल तर ६३ केव्हीएतून ५० किलोवॅट मिळतात. म्हणजे साडेचार किलोवॅट घेणाऱ्या ११ मोटरी. उतारा ०.७ वर आला की ४४ किलोवॅट, म्हणजे जेमतेम नऊ. पंपाला योग्य मापाचा कपॅसिटर लावला की उतारा सुधारतो. त्याच डीपीवर आपण आकडे टाकले, कपॅसिटर काढून ठेवले आणि सगळ्यांनी ऑटो स्विच लावले, तर लाइट येताच सगळ्या मोटरी एकदम उठतात. उठताना प्रत्येक मोटर चालू करंटच्या पाच-सात पट ओढते. डीपी जळतो आणि ऐन उन्हाळ्यात सगळ्यांचीच पिके वाळतात. इथे वीज कंपनीशी भांडायचे ते भांडूच, पण भांडणाला जाताना आपली बाजू स्वच्छ हवी.

कोणी म्हणेल, आता बिलच येत नाही, मग हा हिशेब कशाला? २०२४ साली राज्य सरकारने बळीराजा मोफत वीज योजना जाहीर केली, ती एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी आणि साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना. रेघ कुठे मारली? हॉर्सपॉवरवर. तुमच्या नावावर नोंदलेला आकडा साडेसात आहे की दहा, यावर तुम्ही रेघेच्या अलीकडे की पलीकडे हे ठरते. शिवाय अनुदान तुमच्याच नावावर दाखवले जाते. शेतकरी किती वीज "फुकट" वापरतो हा आकडा उद्या तुमच्याच तोंडावर फेकला जाईल. त्या दिवशी आपल्या हातात आपला आकडा हवा.

सौरपंपाचेही तसेच. मागेल त्याला सौर कृषी पंप या योजनेत अडीच एकरापर्यंत ३, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ हॉर्सपॉवर असे जमिनीवर ठरले. पॅनेलवर वॉटपीक लिहिलेले असते. ते माप ठरलेल्या प्रकाशात आणि पॅनेलच्या आतले तापमान २५ अंश असताना घेतलेले असते. आपल्या एप्रिलच्या उन्हात पॅनेल याच्या दुपटीहून जास्त तापते, आणि तापले की वीज घटते. तेव्हा पाण्याचा हिशेब छापील आकड्यावर करू नका. बोअरची खोली सांगा आणि तेवढ्या खोलीवरून दिवसाला किती लिटर, हे लिहून मागा.

तर काम सोपे आहे. घरी गेल्यावर मोटरची प्लेट फडक्याने पुसा. हॉर्सपॉवर, व्होल्ट, अँपिअर हे तीन आकडे वहीत उतरवा. शेजारी वीजबिलावरची हॉर्सपॉवर लिहा. दोन्ही जुळत नसतील तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रत्येक गावात एका डीपीवरच्या सगळ्या मोटरींची बेरीज करा आणि डीपीच्या आकड्याशी ताडून पाहा. गावात मिळून एक मीटर विकत घ्या आणि तो चालवायला एका मुलाला आणि एका मुलीला शिकवा. पुढच्या बैठकीला या वह्या घेऊन या. त्या एकत्र केल्या की जिल्ह्याचा हिशेब आपल्याजवळ असेल. आजवर तो फक्त समोरच्याच्या टेबलावर असायचा.